दुखवट्याचं जेवण

बिंदू चौकातून स्कूटर मिरजकर तिकटीकडं जायला हवी होती. म्हणजे पुढं मंगळवार पेठ, म्हणजे घर. बंडूनं ती भलतीकडंच वळवली. मागं बसलेल्या अक्काला वाटलं, पेट्रोल टाकायचं असेल. नाहीतर त्याच्या बायकोनं, राजनंदिनीनं, कोथिंबीर आणायला सांगितली असेल. ऐन वेळी घरात नेमकी कोथिंबीरच नसते.

स्कूटर थांबली ती एका मटणाच्या हॉटेलासमोर.

"घरात रंगकाम काढलंय अक्का," बंडू हेल्मेट काढता काढता म्हणाला. बहिणीकडं बघितलं नाही त्यानं. सगळं सामान अस्ताव्यस्त पडलंय, पाय ठेवायला जागा नाही, आणि हल्ली घरी कोण रांधत बसतंय? इथला रस्सा नको असेल तर ताराबाई रोडला जाऊ, तिथं सुकं झकास मिळतं. स्टेशनकडं एक आहे, तिथं एसी आहे, बायकामाणसांना वेगळी खोली आहे. कुठं जेवायचं ते तूच बोल, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

अक्का काय बोलणार? असल्या हॉटेलांतलं तिला काय कळतंय? नवरा गेल्यापासून तिनं मटण तोंडात घातलं नव्हतं. रीतच ती. माहेरच्यांनी घरी न्यायचं, भावजयीनं वाढायचं, भावानं लुगडं द्यायचं, मग त्या बाईचा दुखवटा सुटायचा आणि ती चारचौघींसारखी खायला-प्यायला मोकळी व्हायची. त्या एका जेवणासाठी ती शाहूवाडीच्या पलीकडून पहिल्या एसटीनं आली होती. खरं सांगायचं तर मटणाची तिला कसली आलीय ओढ. ज्या घरात लहानाची मोठी झाली तिथं घटकाभर पाठ टेकावी, पोटभर रडावं, भाची भैरवीनं 'आत्ती, आत्ती' करत भोवती फिरावं, एवढ्यासाठी तिचा जीव आसुसला होता. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून घरच्या शेतातला नवा तांदूळ आणला होता. पिशवी अजून मांडीवरच होती.

"हितंच बसू," ती म्हणाली.

आत ही गर्दी. कोपऱ्यातलं टेबल मिळालं. अक्कानं पिशवी खाली पायांच्या मधे ठेवली. ताटं आली, भाकरी आली, तांबडा आला, पांढरा आला. बंडूनं स्कूटरच्या डिकीतून आणलेलं लुगडं कांद्याच्या बशीवरून तिच्याकडं सरकवलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस कौतुकानं हसला. त्याला वाटलं, वाढदिवस असेल.

तिनं भाकरी मोडली तेवढ्यात मालक टेबलापाशी आला. हंबीरराव, बंडूच्या तालमीतला जुना दोस्त. बंडूच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "संध्याकाळच्या जेवणाची काळजी करू नगंस. दिवेलागणीला भांडी घरात पोच हुत्यात. आपल्या भैरवीची सुपारी हाय, कमी पडू देत न्हाय." मग अक्काकडं वळून, "पावणं सुपारीसाठीच आल्यात व्हय?"

बंडूची मान खाली गेली.

"न्हाय," अक्का म्हणाली. "मी माझ्या कामानं आलते."

हंबीरराव गल्ल्याकडं गेला. अक्काला सगळं एका दमात कळलं. रंगकाम कसलं नि काय. भैरवीचं लग्न ठरलंय, आज घरात सुपारी फुटायची आहे आणि अशा दिवशी पांढऱ्या कपाळाची बाई उंबऱ्यात नको. भैरवी हे नाव तिनंच ठेवलं होतं. बारशाला पाळण्यात वाकून तिनंच ते कानात सांगितलं होतं, आत्या म्हणून. तिनं हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"राजनंदिनी म्हनली की..." बंडूनं सुरुवात केली.

"जेव गप. गार हुतंय."

लहानपणी त्याला भरवताना ती असंच म्हणायची. बंडू जेवायला लागला. घास त्याच्या तोंडात नुसता फिरत होता. अक्का मात्र जेवली. दुखवट्याच्या ताटात टाकायचं नसतं, म्हणून पाण्याबरोबर एकेक घास ढकलत तिनं ताट पुसून खाल्लं. वाढप्यानं रस्सा आणला, तोही घेतला, चांगला झालाय म्हणून त्याला सांगितलंसुद्धा.

मग ती उठली. सवयीनं आपलं ताट उचललं आणि मोरी कुठं दिसते का बघायला लागली.

"ऱ्हाऊ द्या मावशी," वाढपी धावत आला. "हितं ताट उचलायचं नसतंय."

अक्का ताट घेऊन तशीच उभी राहिली. माहेरात तिनं आपलं ताट कधी दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नव्हतं.

"व्हय की," ती म्हणाली आणि ताट परत खाली ठेवलं. "पावण्यांनी ताट उचलायचं नसतंय."

बंडूचे डोळे भरून आले. "घरी चल अक्का," तो म्हणाला. "बघू काय हुतंय ते."

म्हणाला खरा, पण जागचा उठला नाही. किल्ली टेबलावर पडली होती, ती त्यानं उचलली नाही. अक्कानं थोडा वेळ वाट बघितली. तो उठला असता तर ती गेली असती, सगळं गिळून गेली असती.

मग तिनं लुगडं काखेत मारलं, वाकून टेबलाखालची पिशवी ओढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"भैरवीच्या अक्षतांना वापर. कुनी दिला ते राजनंदिनीला सांगू नगंस, टाकून देईल. चांगला हाय तांदूळ."