अवसेची चिंबोरी

चार दिवसांची चाल आणि मधला घाट संपवून भैरू कोळी बुधवार पेठेत पोचला, तेव्हा त्याला फक्त कुठेतरी टेकायचं होतं. गुडघे बोलायला लागले होते. पण जयसिंगरावांच्या दारात मुक्ताबाई उभ्या होत्या, आणि सरदाराची बायको कोळ्याची वाट बघत स्वतः दारात उभी राहते, तेव्हा बातमी चांगली नसते. भैरूने काखेतली टोपली हळूच खाली ठेवली.

मुक्ताबाईंनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. यजमानांच्या छातीत पाणी झालं होतं. घाट उतरले तर परत चढणार नाहीत, असं वैद्यांनी स्पष्ट बजावलं होतं. यजमानांनी मात्र पाडव्यालाच गळ काढून तेल लावून ठेवले होते आणि पालखीला भोईही ठरवले होते. मुलाचं ऐकत नव्हते, वैद्यांचं ऐकत नव्हते, बायकोचं तर लग्न झाल्यापासूनच ऐकत नव्हते. ऐकलं तर एकट्या भैरूचं ऐकतील. तेव्हा यंदा खाडीत मासा नाही, एवढंच त्याने सांगायचं होतं.

भैरू खाली बघत म्हणाला, "पान्याबद्दल मी सरकारांशी कधी खोटं बोललो नाय, बाईसाहेब."

"नको बोलूस. मग घाटात त्यांचं काही झालं, की माझं कुंकू पुसायलाही तूच ये."

भैरू टोपली उचलून आत गेला.

दर चैत्रात हे असंच चालायचं. भैरू फाल्गुनातल्या अवसेला एक चिंबोरी, खाडीतला मोठा खेकडा, पकडायचा, तिच्या नांग्या काथ्याने बांधायचा, खाडीकाठच्या तिवराच्या ओल्या पाल्यात गुंडाळायचा आणि ती जिवंत पुण्याला आणायचा. जयसिंगराव ती तळहातावर घेऊन जोखायचे. खाडीचं नीट चाललं असलं, की अवसेची चिंबोरी मांसाने भरते आणि हाताला जड लागते. जड लागली की निघायचं, हा दोघांचा ठराव. मग पौर्णिमेच्या उधाणाला गुडघाभर पाण्यात भैरू काठीने तळ चाचपत पुढे चालायचा आणि जयसिंगराव त्याच्या मागे. काठी दाखवेल तिथे जिताडा माशासाठी गळ पडायचा. मासा नसेल तर भैरू नाही म्हणायचा, आणि लढाईत कुणाचं न ऐकणारा माणूस निमूट मागे फिरायचा.

जयसिंगराव घंगाळात पाय सोडून बसले होते. भैरूला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"ये. वैद्यबुवांनी मिठाच्या पाण्यात पाय ठेवायला सांगितलेत. चाखून पाहिलं मी. आपल्या खाडीपेक्षा खारट आहे."

आज चतुर्थी, षष्ठीला निघू, असं ते सांगत होते. पालखी खाडीच्या काठापर्यंत नेऊ, पुढे पाण्यातून मात्र चालतच जायचं. भैरूचं लक्ष घंगाळात होतं. पाय सुजून घोटे दिसेनासे झाले होते. वीस वर्षं ज्यांच्या चिखलातल्या पावलांचा आवाज तो पाठीमागे ऐकत आला, ते हेच पाय. हे चिखलात रुतले, तर आपल्या म्हाताऱ्या हातांनी उपसून निघणार नाहीत, हे त्याला कळलं. दारामागे मुक्ताबाईंच्या बांगड्या किणकिणल्या.

"यंदा नको, सरकार," तो म्हणाला. "खाडीच्या तोंडाला वालू धरली. भरतीचं पानी आत येत नाय."

"आणि जिताडा?"

"गेला. काय सुद्दा नाय राह्यलं."

जयसिंगरावांनी त्याच्याकडे पाहिलं. भैरूने मान वर केली नाही. इतकी वर्षं पाण्याबद्दल खरं बोलून त्याला कधी दमायला झालं नव्हतं. हे एक वाक्य बोलून मात्र सगळा घाट पुन्हा चढल्यासारखं झालं.

"बरं," जयसिंगराव म्हणाले आणि सवयीने हात पुढे केला. "आण ती इकडे."

भैरूने टोपलीकडे पाहिलं. टोपलीचं त्याला भानच राहिलं नव्हतं. खोटं बोलायचं कधी ठरलंच नव्हतं, त्यामुळे चिंबोरी त्याने नेहमीसारखीच निवडली होती, दहा परत सोडून अकरावी. पण पुढे आलेल्या हाताला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने पाला सोडला आणि ती त्यांच्या तळहातावर ठेवली. काळीशार, पाठीला खाडीचा चिखल अजून ओला.

जयसिंगरावांनी डोळे मिटून ती जोखली. नाकाजवळ नेऊन चिखलाचा वास घेतला. त्यांनी दाराकडे पाहिलं, तिथे बांगड्यांचा आवाज थांबला होता. मग भैरूच्या भेगाळलेल्या पावलांकडे पाहिलं.

"भोयांना नको म्हणून कळवा," ते दाराच्या दिशेने म्हणाले. "आणि ह्याला आधी जेवायला वाढा."

"सरकार..." भैरूने मान वर केली.

"खरं आहे तुझं," जयसिंगराव म्हणाले. "पोकळ आहे रे."

त्यांचं मनगट चिंबोरीच्या वजनाने खाली चाललं होतं, आणि त्याला आधार द्यायला त्यांनी दुसरा हात खाली लावला होता.