मागं राहिलेली हाक

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं, की धरणात बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. सोलापूरची प्रियंका नवऱ्याबरोबर, लेकीला घेऊन, होडीतून ते बघायला गेली. परतताना सृष्टी तिच्या मांडीवर पेंगत होती.

परक्या जागेतून निघताना लेकराला नावानं हाक मारायची, नाहीतर ते मागं राहतं, ही सासूबाईंची शिकवण. प्रियंकाला ते आता, अर्ध्या वाटेत आठवलं.

"सृष्टी, चल गं!"

"आले आई, थांब की!" आवाज देवळातून आला.

"होडी वळवा!" प्रियंका किंचाळली.

नवरा हसला. "अगं, पोरगी तुझ्या मांडीवर आहे की."

होडी पुढंच चालली. देवळातून रडणं ऐकू आलं आणि बारीक होत गेलं.

प्रियंकानं पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, तशी मांडीवरच्या पोरीनं त्यावर गार, ओला तळवा ठेवला.

"हाक नको मारू, आई. ती येईल."