नात्याचा रकाना

“मावशी, इथे फक्त सही कर गं. घरमालक म्हणून.”

शकुमावशीने पदराला हात पुसले. तिच्या बहिणीच्या मुलाने, निहारने, भाडेपावती पुढे केली होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तो इथल्या कारखान्यात ट्रेनिंगला आला, तेव्हापासून तिच्याकडेच राहत होता.

“अरे, मी कधी भाडं घेतलंय तुझ्याकडून?”

“तसं नाही गं. कंपनी राहण्याचा भत्ता देते. पावती जोडली नाही तर त्यावर टॅक्स कापतात. आणि हे बघ, नात्याच्या रकान्यात ‘काही नाही’ लिही. नातेवाईक म्हटलं की शंभर प्रश्न विचारतात.”

तिने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. शाई वाळायच्या आत त्याने पावती बॅगेत कोंबली, डबा उचलला आणि “येतो गं” म्हणत पळाला.

थोड्या वेळाने गॅसवाला आला. सिलिंडर टेकवत त्याने नेहमीसारखं विचारलं, “मुलगा गेला वाटतं कामावर?”

मूलबाळ नसलेली शकुमावशी या प्रश्नावर इतके महिने नुसती हसायची. त्याची चूक दुरुस्त करावी, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

आज ती म्हणाली, “मुलगा नाही हो तो. भाडेकरू आहे.”