निवदाचा पिस्ता केक

"घरात सुतक हाय, शालन. चूलसुदीक पेटवत न्हाईत, आणि तू केक भाजतीस?" बाळाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातूनच तोफ डागली.

"ओव्हन म्हंजे चूल न्हवं, वन्सं," शालन म्हणाली आणि पिस्त्यांची सालं काढत राहिली.

थोरल्या नणंदेला उलट बोलायची तिची ही पहिलीच वेळ. पण कालच नवरा गेलेल्या बाईशी वाद तरी किती घालायचा? बाळाबाई बाहेर माणसांत जाऊन बसल्या. शेजारून आलेली झुणका-भाकरी ओट्यावर तशीच होती.

उद्या सकाळी पंचगंगेवर कृष्णातरावांचं रक्षाविसर्जन. निवदाला त्यांच्या आवडीचं ठेवायचं, म्हणजे कावळा शिवतो आणि माणूस सुखानं जातो. तांबडा रस्सा, तंबाखू, चहा हे भावकीनं आपसात वाटून घेतलं होतं. पिस्त्याचा केक मात्र एकट्या शालनच्याच लक्षात होता.

दूध संघाच्या कामाला कृष्णातराव दर शनिवारी जयसिंगपूरला जात. त्यांचा वाढदिवस जवळ आला की येताना जेवणाच्या डब्यातून केकचा तुकडा आणत. "तिथल्या बेकरीत मिळतो," म्हणत. शालननं केलेली पुरणपोळी अर्धीच खात आणि वर सुनावत, "असला केक तुला जमायचा न्हाय."

त्या रागानं तिनं तो कधी करूनच बघितला नाही. आता तेच तिला खात होतं. माणूस तेवढी एक इच्छा ठेवून गेला असेल तर दोष आपलाच, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

मोबाइलवर बघत बघत तिनं अंड्याऐवजी दही घालून केक भाजला, दोऱ्यानं कापून त्याचे तीन थर केले. म्हशीचं लोणी पिठीसाखर घालून फेसायला घेतलं, तर उकाड्यानं ते फुटलं. फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेसलं, वाटलेले पिस्ते मिसळले. चमच्यावर क्रीम घेऊन ती वळली, कृष्णातरावांना "बघा जरा" म्हणायला.

मग तिनं ते स्वतःच चाटलं. घर माणसांनी भरलं होतं आणि तिला त्यातलं एकही नको होतं.

सकाळी घाटावर पानं मांडली. कावळे समोरच्या झाडावर बसून होते. रस्स्याला शिवले नाहीत, तंबाखूला नाहीत. शालनच्या केकजवळ एक उतरला, मान तिरकी करून बघितलं आणि परत उडाला.

"आबा, आईला मी संभाळतो," विश्वजितनं हात जोडले. "एकुलता एक पोरगा हाय मी तुमचा. काळजी करू नगा."

एकही कावळा हलला नाही. ऊन चढलं, माणसं घड्याळं बघू लागली.

"चुकलं माझं," शालन रडत म्हणाली. "लई उशीर केला."

तेवढ्यात मागून एक बाई पुढं आली. डोक्यावरून पदर, वय शालनएवढंच. कुणाला काही न विचारता तिनं स्वतःच्या डब्यातून पिस्त्याच्या केकचा तुकडा काढून पानावर ठेवला, हात जोडले आणि बाजूला झाली.

झाडावरून दोन कावळे एकदमच उतरले. तुकडा उचलून गेलेसुद्धा.

"शिवला बाई," बाळाबाईंनी श्वास सोडला. माणसं पाया पडायला पुढं सरसावली.

शालनच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे पुसत ती त्या बाईकडे गेली.

"जयसिंगपूरच्या बेकरीतल्या का तुम्ही?"

"जयसिंगपूरचीच," बाई खाली बघत म्हणाली. "बेकरी न्हाय. घरातच करत होते."

"लई उपकार झालं बघा," म्हणत शालननं तिचे दोन्ही हात हातात घेतले. मनगटं रिकामी होती, आणि नुकत्याच फोडलेल्या बांगड्यांचे ओरखडे त्यांवर अजून लाल होते.