दाराशी वरवंटा

"तुमची ती बॉयलर रूम आज बघणारच," म्हणत त्याची बायको पदर खोचून लोखंडी शिडी उतरली. तरुणपणी त्याने ज्या युद्धनौकेवर नोकरी केली, तिचं आता संग्रहालय झालं होतं. तो मात्र वरच, शिडीच्या तोंडावरच्या लोखंडी झाकणापाशी थांबला.

युद्धात हेच झाकण अडकलं होतं. आतल्या तिघांपैकी एकटा तोच जिवंत बाहेर आला. हे त्याने घरी कधीच सांगितलं नव्हतं. फक्त खोलीचं दार लागू नये म्हणून रोज रात्री तिचा वरवंटा दाराशी ठेवायचा आणि सकाळी तिची बोलणी खायचा.

अचानक खालचे दिवे गेले.

"अहो! माझी साडी कशात तरी अडकलीय!"

त्याने झाकणाची कड घट्ट धरली. तिने पुन्हा हाक मारली, या वेळी रडवेल्या आवाजात. तो उतरला. पाइप चाचपत तिच्यापर्यंत पोहोचला, साडी सोडवली. मग त्यानेच विचारलं,

"झाकण... उघडं आहे ना?"

तिने त्याचा हात धरला. मग म्हणाली, "उघडं आहे. उजेड दिसतोय मला. चला."

रात्री तो वरवंटा आणायला स्वयंपाकघरात गेला, तर पाट्यावर नव्हता. तिने तो आधीच दाराशी नेऊन ठेवला होता.