कात्री की हात

"कात्रीनं कापलंय की हातानं फाडलंय, एवढंच सांग," म्हातारी म्हणाली आणि रुमालाची पुरचुंडी तिने टेबलावर ठेवली.

संग्रहालयात जुनी वस्त्रं सांभाळणाऱ्या बाईंनी ती हलक्या हाताने सोडली. आत रेशमाचा वीतभर तुकडा होता. करड्या पोतावर गंजक्या रंगाची वेलबुट्टी, एका कडेला झग्याच्या गळ्याची शिवण. शंभरी केव्हाच ओलांडलेलं काम. बाईंचा जीव हरखला.

"कुठे ठेवला होता, आजी?"

"आजी कसली? नातवंडांचा पत्ता नाही. मावशी म्हण. उशीखाली होता."

"उशीखाली! मावशी, रेशमाची वाट लागते हो अशानं."

बाईंनी तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. "पण कात्री की हात, हे कशाला हवंय?"

"दोघी बहिणी होत्या," म्हातारी सांगू लागली. "आई लवकर गेली. तिच्या आजीपासून आलेला हा झगा तेवढा मागे राहिला. वडील वर्षातून एकदा पेटी उघडून बघायचे. एका वर्षी उघडली, तर आत चिंध्या! त्यांनी घर डोक्यावर घेतलं. धाकटी सदा त्या पेटीपाशीच खेळायची, तिची तर बोबडी वळली. तेव्हा मोठी पुढे झाली. म्हणाली, मी फाडला."

"तिनं फाडला होता?"

"छे. तिनं पेटीला हातसुद्धा लावला नव्हता. वडिलांनी तिला आत्याकडे धाडलं, ते कायमचं. शाळा सुटली, आत्याचं घरकाम गळ्यात पडलं. इकडे धाकटी लाडात वाढली, शिकली."

"आणि मोठीसाठी तिनं तोंडातून ब्र काढला नाही?"

"पुढे कितीदा विचारलं, तरी एकच पालुपद. मी नाही फाडला. शेवटी दोघींचं बोलणंच तुटलं."

बाईंना मनातून रागच आला. बहिणीच्या जिवावर वाढायचं आणि सगळं आयुष्य सरल्यावर आपलं पाप कात्रीचं की हाताचं, हे विचारायला यायचं! त्यांनी भिंगाला डोळा लावला, तो मुद्दाम जरा जास्त वेळ.

मग मात्र त्यांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी चिमट्याने कडेचा एक सुटा धागा धरला. धरताक्षणी त्याची भुकटी झाली.

"मावशी, हे कापलेलं नाही. कात्रीनं कापलं की टोकं कशी एका रेषेत येतात. आणि फाडलेलंही नाही. फाडताना धागे ओढले जातात, लोंबतात. इथे ते जागच्या जागी तुटलेत."

"म्हणजे?"

"पूर्वी रेशीम जड लागावं म्हणून त्यात धातूचे क्षार मुरवायचे. तेच क्षार धाग्याला आतून खातात. झगा पेटीत घडी घालून नुसता पडून असला, तरी आपोआप चिरत जातो."

"कुणी हात न लावता?"

"कुणी हात न लावता."

म्हातारीने टेबलाची कड घट्ट धरली. तिच्या डोळ्यांना धार लागली, ती पुसायचंही तिला सुचेना. बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. उलट तिला मनातल्या मनात नावं ठेवली याचीच त्यांना लाज वाटली. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"आता कशाला रडायचं? तुम्ही पहिल्यापासून खरंच सांगत होता. जा, तुमच्या मोठ्या बहिणीला सांगा. तिलाही बरं वाटेल."

म्हातारीने तुकडा पुन्हा रुमालात बांधला. गाठ काही केल्या तिला नीट बसेना.

"मोठी मीच गं," ती म्हणाली. "शेवटच्या दुखण्यात धाकटीनं बोलावणं धाडलं होतं. आधी कबूल कर, मग येते, असं मी कळवलं."