खरे दिवस, नकली दिवस

खरी नळकांडी जाळली त्या साठ दिवसांत सरासरी ११.२ मिलिमीटर पाऊस पडला होता. नकली जाळली त्या साठ दिवसांत ११.१.

कृत्रिम पावसाच्या प्रयोगाचा अहवाल सकाळीच मुख्य कार्यालयाकडे गेला होता. हँगरमध्ये आवराआवर चालू होती.

ढग जमले की मोहोरबंद लखोटा फोडायचा आणि त्यात लिहिलेली सहा नळकांडी विमानाच्या पंखांखाली बसवायची, हे दोन वर्षे एकट्या मिस्त्रींचे काम. खऱ्यांत सिल्व्हर आयोडाइड, नकलींत नुसती धूर करणारी भुकटी. फरक फक्त बुडावरच्या अंकाचा. कोणत्या दिवशी कोणती, हे प्रयोग संपेपर्यंत प्रमुख बाईंनाही कळू द्यायचे नव्हते. ती शिस्त त्यांनीच घातली होती.

"म्हणजे दोन वर्षं आपण ढगांना धुरी दिली," वैमानिक म्हणाला. "डास तरी गेले असतील."

मिस्त्री हसले नाहीत. "पण मॅडम, माझ्या ताईच्या गावचं तळं भरलं की. त्याआधी तीन वर्षं टँकरवर होती ती."

"भरलं. पण नकली दिवशीही तेवढाच पाऊस पडला ना? मग तो आपला कसा म्हणायचा?"

"पुढच्या वर्षी विमान?"

"नाही. योजनाच बंद."

मिस्त्री खोक्यावर बसले. "आणि नकली दिवशी कमी पडला असता, तर?"

"तर मी स्वतः भांडून विमान मागितलं असतं."

मिस्त्री फडक्याने हातातला पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

"एक राहिलं," बाई म्हणाल्या. "ओल लागून वाया गेली म्हणून तुम्ही दर महिन्याला जादा खरी नळकांडी मागवलीत. मी डोळे झाकून सह्या केल्या. ती ओली कुठे आहेत? परत पाठवायचीत."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. वैमानिकाच्या चेहऱ्यावरची थट्टा मावळली.

"विकलीत?"

"नाही, मॅडम." त्यांनी कमरेची किल्ली काढून पुढे केली. "ताईचं घर बरोबर विमानाच्या वाटेखाली येतं हो. विमान सुटायचं आणि ती अंगणात येऊन उभी राहायची."

कोठीच्या मागच्या भिंतीशी खोकी रचलेली होती. बाईंनी एकेक नळकांडे उलटे करून बुडावरचा अंक पाहिला. मोजायला तासभर लागला. तीनशे साठ नळकांडी. सगळी कोरडी, सगळी नकली, आणि एकही जाळलेले नाही.